अठ्ठावीस उंदीर आणि चौदा कपाटं

हिरामण सुताराच्या घरात माणसं दोन होती आणि कपाटं चौदा. मतदान घेतलं असतं तर घर कधीच कपाटांच्या नावावर झालं असतं.

घर वरसे गावात, रोह्याला खेटून. दोन खोल्या आणि पुढे पडवी. कपाटं सगळी एका आईची लेकरं: साडेसहा फूट उंच, प्लायवूडची, दोन दारांची, वरून साबुदाण्याच्या खिरीसारखा सनमायका. कुणा बाहेरगावच्या गृहस्थांनी कंपनीतल्या पोरांसाठी हॉस्टेल काढायचं ठरवलं, हिरामणला कपाटं सांगितली, पैसे आधीच हातावर ठेवले आणि मग हॉस्टेलचा बेतच मोडला. हिरामणने फोन केला तर गृहस्थ म्हणाले, "कपाटं तुम्हीच ठेवा. पैसेही ठेवा. फक्त मला फोन करू नका." पंचवीस वर्षांच्या धंद्यात हिरामणला पहिल्यांदाच सगळे पैसे आगाऊ मिळाले होते, आणि त्याचाच त्याला पश्चात्ताप होत होता.

कपाटांना मुठी नव्हत्या. मुठी मी मुंबईहून खास आणतो, असं गृहस्थ म्हणाले होते. म्हणून हिरामणने दारांना नुसती भोकं पाडून ठेवली. चौदा दुणे अठ्ठावीस भोकं. दार उघडायचं तर भोकात बोट घालून ओढायचं. लोक यायचे, लांबून बघायचे आणि विचारायचे, "दवाखान्यातली का ओ ही?" शेवटी हिरामण फुकट द्यायला तयार झाला. फुकट न्यायला शेजारचा शिवा आला, त्याने भोकात बोट घातलं आणि ते अडकलं. साबण लावून काढावं लागलं. बोट सुटल्यावर शिवा चहासुद्धा न घेता गेला, आणि त्यानंतर फुकटाचं गिऱ्हाईकही आलं नाही.

कपाटं फोडायला हिरामणचा हात होईना. आपल्या हातचं फोडायचं म्हणजे कसं. मग ती तशीच राहिली आणि माणसांनी त्यांच्यात राहायचं ठरवलं. बाहेरच्या खोलीत जी काही फटीएवढी जमीन उरली होती तिथे हिरामण आडवा व्हायचा. पण तो पाच फूट आठ इंच आणि जमीन चार फूट. म्हणून एका कपाटाचं दार उघडून तो पाय आत सोडायचा. मैना, त्याची बायको, स्वयंपाकघरात गॅसच्या सिलिंडरला वळसा घालून झोपायची. सकाळी दोघं उठायची ती घडीच्या फूटपट्टीसारखी, एकेक सांधा उलगडत. सहा महिने झाले, कुणाचंच अंग पुरतं सरळ झालेलं नव्हतं. माणूस दमला की झोपतो, आणि इथे झोपूनच दमायला होत होतं.

मैना पेणजवळच्या जोह्याची. तिच्या भावाचा, महिपतीचा, तिथे गणपतीचा कारखाना. दरसाल शिमगा झाला की ती भावाकडे जायची आणि गौरी-गणपती होईपर्यंत तिथेच राहून आखणी करायची. आखणी म्हणजे डोळे. मूर्ती कुणीही ओतेल, रंग कुणीही मारेल, पण डोळे लिहायला मैनाच लागायची.

या वर्षी निघताना तिने पिशवी भरली आणि दारात थांबली. भांडण झालं नाही. भांडायला समोरासमोर उभं राहावं लागतं आणि तेवढी जागा नव्हती.

"हे बगा," ती दोन कपाटांच्या फटीतून म्हणाली, "सीझन सरला का येते मी. पन हातरून सरळ पडंल एवढी जागा झाली तर. नायतर माझं काय, भावाची पडवी हाय."

"रागावलीस गो?"

"रागवायला ताकद लागते," मैना म्हणाली आणि गाडीला गेली.

हिरामणला ते शिव्यांपेक्षा लागलं. मैना बोलली की बोलली. एकदा तिने सासरची तांदळाची भाकरी जाड म्हटली होती, ती वीस वर्षांनीही जाडच होती.

तो कामाला लागला. अष्टमी गावातल्या दुकानातून पितळी मुठी आणून दोन कपाटांना लावून पाहिल्या. लोक म्हणाले, आता दवाखाना सरकारीतला खाजगी झाला. मग लाकडाचे गोल लट्टू कातून लावले. कपाटांना गळवं झाल्यासारखं दिसायला लागलं. आषाढात एका सकाळी हिरामण त्याच कपाटांपुढे उकिडवा बसला असताना त्याच्या लक्षात आलं की कपाट काही सुधारत नाही. मूठच अशी जबर पाहिजे की माणसाला कपाट दिसताच कामा नये. असं काही करणारं त्याच्या माहितीत एकच माणूस होतं.

पेणला गाडी बदलून तो जोह्याला पोचला. कारखान्यात दोन-अडीचशे गणपती रांगेने बसले होते, सगळे रंगवलेले आणि सगळे बिनडोळ्यांचे. एवढे देव समोर आणि एकाचंही आपल्याकडे लक्ष नाही, हे पाहून हिरामणला घरी आल्यासारखं वाटलं.

मैना पाटावर बसून डोळे लिहीत होती. डोळा लिहिताना श्वास धरावा लागतो. दिवसाला शंभर गणपती म्हणजे दोनशे वेळा श्वास धरायचा. संध्याकाळी ती उरलेले श्वास घेत बसायची.

"जागा झाली?" तिने मान वर न करता विचारलं.

"त्याच्यासाठीच आलोय. मला मुठी करून दे. अठ्ठावीस. ठसठशीत. अशा का कपाट दिसलंच नाय पायजे."

मैनाने एक डोळा पुरा केला, श्वास सोडला आणि म्हणाली, "साचा कसला रिकामा हाय रे, महिपती?"

"उंदराचा," महिपती आतून म्हणाला. मग बाहेर येऊन त्याने हिरामणच्या हाताकडे निरखून पाहिलं. "भाऊजी, उंदीर पेरूएवढा का नारळाएवढा?"

"मुठीत मावंल असा."

"मंग पेरू."

जेवणाच्या सुट्टीत, भाकरी खाता खाता, मैनाने आठ दिवसांत अठ्ठावीस उंदीर केले. प्लास्टर ओढाताणीत टिकलं नसतं, म्हणून कागदाच्या लगद्याचे केले, पोटात बोल्ट घालून. एकदा वाळले की दगड. साचा एकच होता, पण तिच्या हाताला एकसारखं काम करायची चीड असावी. एक उंदीर शेंदरी, एक पोपटी, एक जांभळा, कानांत सोन्याच्या बाळ्या. एकाच्या तोंडावर हसू, एकाच्या तोंडावर कालच्या मोदकाने त्रास दिल्यासारखं. हिरामण त्यांना न्यायला गेला तेव्हा ती शेवटच्या उंदराचे डोळे लिहीत होती.

"ह्यांना डोळे कशाला गो? मुठी हायत."

"बिनडोळ्याचं तोंड ह्या कारखान्यातनं भायर जात नाय," मैना म्हणाली. "माझ्या बाच्या वेळेपासनं."

"पन कपाट उघडायला..."

"दमलीय मी. न्या आता."

एवढ्याशा बोलण्यात चूक झाली होती. पण ती तेव्हा दोघांनाही कळली नाही, कारण त्या गावात जन्मलेल्या कुणालाही ती चूक वाटली नसती, आणि हिरामणला मुठींपलीकडचं काही दिसत नव्हतं.

परतीच्या गाडीत हिरामणने पोतं मांडीवर घेतलं. पोत्याचं तोंड सैल होतं आणि त्यातून पाच-सहा उंदीर माना वर करून बघत होते. पेणच्या पुढे गर्दी वाढली. एक म्हातारी उभी होती, तिने पोत्याकडे पाहिलं, हात जोडले आणि खिडकीजवळच्या माणसाला म्हणाली, "उठ रं जरा, त्यांना बसू दे." माणूस उठला. पोतं खिडकीशी बसलं. हिरामणची जागा पोत्याशेजारी असल्यामुळे म्हातारीने तीही दुसऱ्या कुणाला तरी दिली, आणि तो रोह्यापर्यंत उभा आला. त्याला वाईट वाटलं नाही. उभ्याने पाय तरी सरळ राहतात.

मुठी त्याने अशा बसवल्या की पुन्हा निघू नयेत. बोल्टभोवती सरस ओतला, आतून नट आवळला, नटावर प्लायची चकती ठोकली आणि चकतीवर सनमायका चढवला. सुताराने बसवलेली मूठ हातात आली तर सुताराने गाव सोडावं, असं त्याचा बाप म्हणायचा. काम झाल्यावर तो मागे सरकला आणि कपाटाला टेकून कपाटांकडे बघत राहिला. खरंच, कपाटं दिसत नव्हती. अठ्ठावीस उंदीर हवेत तरंगल्यासारखे बघत होते, आणि अख्ख्या घरात दमलेला तो एकटाच दिसत होता.

ठोकाठोकीचा जाब विचारायला समोरचे हैबतराव आले. हैबतराव पेणला एका कचेरीत होते. रोज गाडीने जायचे, रोज गाडीने यायचे, आणि मधल्या वेळात काय करायचे ते त्यांनाही सांगता येत नसे. त्यांच्या मागोमाग त्यांची आई धोंडुबाई आली. हैबतराव जाब विचारत राहिले. धोंडुबाई सरळ पहिल्या कपाटापाशी गेली, शेंदरी उंदराला नमस्कार केला, आणि देवळात करतात तसं एका हाताने त्याचा एक कान झाकून दुसऱ्या कानात बराच वेळ काहीतरी सांगत राहिली.

"आई, ते कपाट आहे," हैबतराव म्हणाले.

"तुला काय करायचंय? तुझ्याबद्दलच सांगतेय."

पहिलं कपाट हैबतरावांकडे गेलं. मग वरशात बातमी फिरली की हिरामणकडे गाऱ्हाणं ऐकणारी कपाटं मिळतात. शिवानेही एक नेलं, बोट खिशात ठेवून. कुण्या घरात सासूने डावं दार घेतलं आणि सुनेने उजवं, आणि दोघी एकाच वेळी एकाच कपाटाला एकमेकींबद्दल सांगायला लागल्या. नवरे शर्टासाठी रांगेत उभे राहायला लागले. पैसे कोण काय देईल ते हिरामणने घेतले. त्याला पैशाशी कर्तव्य नव्हतं. गावातल्या जनूचा टेम्पो एकेक कपाट घेऊन निघायचा आणि हिरामण पडवीतून बघायचा, लेकी सासरी निघाल्यासारखं, फक्त डोळ्यांत पाण्याऐवजी झोप.

श्रावण संपता संपता तेरा कपाटं गेली. चौदाव्याचं दार जरा घासत होतं, ते त्याने भिंतीशी लावून ठेवलं. मग भर दुपारी मोकळ्या फरशीवर उताणा पडला आणि मैनाला फोन केला.

"जागा झाली."

"किती?"

"आडवा पडून बोलतोय."

"पाय?"

"सरळ."

पलीकडून श्वास सोडल्याचा आवाज आला.

"गौरी-गणपती झाले का दुसऱ्या दिवशी येते," मैना म्हणाली. "दुपारच्या गाडीनं."

गणपती आले. घरोघरी मूर्ती बसल्या. त्यात धोंडुबाईने पहिल्याच दिवशी कपाटाच्या दोन्ही उंदरांना हळदकुंकू वाहिलं, दुर्वा वाहिल्या, मोदक दाखवला. एकाला दाखवायचा आणि दुसऱ्याला नाही, असं तिच्याच्याने झालं नसतं. दुपारी चार बायकांनी ते पाहिलं. संध्याकाळपर्यंत तेराच्या तेरा कपाटांना दुर्वा होत्या. हिरामणने ऐकलं आणि तो कुशीवर वळला. फरशी गार होती. आपल्याला काय त्याचं, असं त्याला वाटलं.

गौरी-गणपतींच्या विसर्जनाच्या दिवशी, मूर्ती कुंडलिका नदीवर पोचवून लोक परत आले आणि हैबतराव त्याच्या दारात उभे राहिले. अंगावर सदरा, खाली लुंगी. धोंडुबाई सोबत होती.

"हिरामण, माझ्या पॅन्टी कपाटात आहेत," हैबतराव म्हणाले.

"मंग काढा."

"आई उघडू देत नाही."

धोंडुबाई पडवीत बसली. "हिरामणा, मला सांग. उत्तरपूजा झाल्यावर मूर्ती जागची हलवतात का नाय?"

"हलवतात."

"म्हंजे काय?"

"म्हंजे आता निघायचं."

"मंग हा उंदीर माझ्या घरात दिवसातनं दहा वेळा हलतो. सदरा काढला का हलला, सदरा ठेवला का हलला. दहा वेळा निघतो नि जात नाय. आणि आज तर त्याचा मालकच गेला. स्वार गेला नि वाहन हितं! माझ्या जन्मात असं पाप नाय झालं."

"काकू, मूठ हाय ती."

"मूठ असंल तर डोळे कशाला हायत?"

हाच प्रश्न हिरामणने स्वतः मैनाला विचारला होता, आणि मैनाचं उत्तर जोह्याबाहेर चालणारं नव्हतं.

"मूठ काढून द्या, आम्ही ती पोचवून येतो," हैबतराव म्हणाले.

"निघनार नाय."

"का?"

"मी बसवलीय."

हैबतरावांनी लुंगी सावरली. जबरदस्तीने काढायला गेलं तर उंदीर फुटणार, आणि डोळे उघडलेला उंदीर फोडणं म्हणजे काय, ते धोंडुबाईने नुसतं डोळे मिटून सांगितलं. मग तिनेच निवाडा दिला. ज्याने डोळे उघडले त्यानेच काय ते निस्तरायचं. तोवर ही वस्तू घरात नको.

"पन मैना उद्या येतेय, काकू. मी तिला जागा..."

"मंग बरंच झालं की. उद्याच येतेय."

रात्र पडायच्या आत जनूचा टेम्पो कपाटं घेऊन परत यायला लागला. एकाने पाठवलं म्हणून दुसऱ्याने, दुसऱ्याने पाठवलं म्हणून तिसऱ्याने. आतलं सामान कुणी काढलं नव्हतं, एका दिवसाचा तर प्रश्न. हिरामण दारात आडवा उभा राहिला, पण तेरा घरांच्या पापापुढे एक माणूस किती वेळ आडवा राहणार. जनूनेच त्याला हळूच बाजूला केलं. "हिरामणदादा, सरकता का? तुमच्या जागी धा नंबरचं बसंल." आणि बसलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मैना आली. पाठीवर पिशवी, तोंड जागरणाने उतरलेलं. सीझनच्या शेवटी ती नेहमीच अशी दिसायची, जणू दोन हजार गणपतींना नजर वाटून तिच्याकडे थोडीच उरली होती. तिने दारातून आत पाहिलं. चौदा कपाटं. उंदरांच्या डोक्यांवर वाळल्या दुर्वा. मधल्या फटीत हिरामण, पाय जवळ घेऊन.

"तुम्ही बोललात आडवे पडलाय म्हणून," ती म्हणाली.

"तवा पडलो होतो."

"मला फशिवलंत?"

"नाय गो. आई शप्पत. फरशी होती. तुझ्या बाजूची पन झाडली होती." आणि मग त्याने सगळं सांगितलं, उत्तरपूजेपासून लुंगीपर्यंत. सांगताना त्याचा आवाज बारीक होत गेला.

"गाडी कधी हाय परतीची?" शेवटी तिने विचारलं.

"चारला."

ती उंबरठ्यावर बसली. चारला वेळ होता. हिरामणने पाणी दिलं, ते तिने घेतलं, पण पिशवी पाठीवरून उतरवली नाही. तेवढ्यात धोंडुबाई आलीच.

"आलीस गो मैना? बरं झालं. डोळे तू उघडलेस, आता तूच सांग. ह्यांचं इसर्जन करायचं का?"

"पाण्यात टाकलं तर लगदा इरघळंल," मैना म्हणाली. "बोल्ट ऱ्हाईल. कपाट तरंगत दर्याला जाईल. आत तुमच्या लेकाच्या पॅन्टी हायत."

"मंग पुसून टाक डोळे."

"लिहिलेला डोळा आमच्यात पुसत नाय."

"मंग करायचं काय?"

मैना त्या शेंदरी उंदराकडे बघत राहिली. उंदीर तिच्याकडे बघत राहिला. तिनेच लिहिलेले डोळे, टवटवीत, जन्माला आल्यापासून एकदाही न मिटलेले. तिला त्याचा हेवा वाटला की कीव आली, ते हिरामणला कळलं नाही. तिने पिशवी खाली ठेवली.

"झोपवते," ती म्हणाली.

"काय?"

"ह्यांना. झोपवते. मालक गेला, काम सरलं, वाहनानं झोपायला नको? झोपलेल्याचं कोन इसर्जन करतं?"

धोंडुबाईने तोंड उघडलं, विचार केला आणि मिटलं. शंभर वर्षांत कुणी विचारलं नव्हतं असा प्रश्न होता, म्हणून त्याला मनाईही नव्हती. "झोपल्यावर हलवलं तर?"

"हळू हलवायचं."

"व्हय. तेवढं कळतं." धोंडुबाई उठली. "मी सांगते सगळ्यांना. झाल्यावर बोलवा."

आखणीची कुंचली आणि रंगाच्या पुड्या मैना कधी कारखान्यात ठेवत नसे. तिने करवंटीत रंग कालवला, उंदराच्या अंगाचा, आणि पहिल्या डोळ्यावर पापणी ओढली. वाळली की खाली एक बारीक बाकदार रेघ. श्वास धरायची गरज पडली नाही. हात वीस वर्षं डोळे उघडत आला होता, मिटायचं काम त्याला नवं होतं, पण अवघड गेलं नाही. हिरामण शेजारी करवंटी धरून बसला. शेंदरी झाला, पोपटी झाला. हसणारा उंदीर झोपेत हसायला लागला. अपचनवाल्याला पहिल्यांदा आराम पडल्यासारखं दिसलं.

चौथ्या कपाटाशी मैनाला जांभई आली. तिच्यामुळे हिरामणला आली. सातव्याशी तिने पाठ टेकली. चारची गाडी गेल्याचा आवाज आला, दोघांनी ऐकला, आणि मैनाने कुंचली पुढच्या डोळ्यावर टेकवली. दहाव्याशी ती बसल्या बसल्या सरकत होती, उठत नव्हती. फेरी पुरी होऊन ती पुन्हा पहिल्या कपाटाशी पोचली, छप्पन्नावा डोळा मिटला आणि कुंचली तिच्या हातात तशीच राहिली. हिरामणला वाटलं, काम निरखतेय. मग त्याने पाहिलं, तिचं डोकं हैबतरावांच्या कपाटाला टेकलं होतं आणि ती गाढ झोपली होती.

तिला आडवं करावं म्हणून त्याने जागा शोधली. डावीकडे कपाट. उजवीकडे कपाट. समोर पाटाएवढी वाट, त्यात तिचे दुमडलेले गुडघे. तो अंग चोरून बाहेर पडला तेव्हा धोंडुबाई अख्खी आळी घेऊन अंगणात आलेली, मागे जनूचा टेम्पो.

हिरामणने तोंडावर बोट ठेवलं. "झोप लागलीय," तो कुजबुजला.

"लागनारच," धोंडुबाई कुजबुजली. "आत्ताच डोळे मिटलेत." आणि मागे वळून दातांत म्हणाली, "आवाज करू नका रे! वहाणा काढा!"

हिरामणने समजावलं नाही. समजवायला लागणारी ताकद त्याने कधीच संपवली होती.

वहाणा काढून लोक आत आले. चौघा-चौघांनी कपाट उचलायचं ते तान्हं मूल पाळण्यातून उचलावं तसं. शिवाच्या पायावर कपाटाचा कोपरा आला, त्याने ओठ चावला पण आवाज काढला नाही. भरलेला टेम्पो जनूने सुरू न करता ढकलत रस्त्यावर नेला, आणि दर वेळी ढकलत परत आणला. एक कपाट गेलं की त्याच्या मापाची फरशी दिसायची. दुसरं गेलं की तिला दुसरी जोडली जायची. हिरामण मैनाच्या शेजारी बसून ती वाढताना बघत होता.

घासणाऱ्या दाराचं चौदावं भिंतीशीच राहणार होतं. उचलायचं शेवटी हैबतरावांचं राहिलं, आणि त्याला मैनाचं डोकं टेकलेलं.

"हिरामण," हैबतराव लुंगी धरून वाकले, "माझं कपाट."

"थांबा."

"उद्या कचेरी आहे."

"थांबा ओ जरा."

हिरामण सरकत सरकत तिच्या बाजूला आला, कपाट आणि तिचं डोकं यांच्या मध्ये त्याने आधी हात घातला, मग खांदा. बाहेरून चौघांनी कपाट बोटभर ओढलं. थांबले. पुन्हा बोटभर. डोकं सनमायकावरून सदऱ्यावर आलं.

"ह्यो कोनता?" मैना झोपेत पुटपुटली.

"शेवटचा झाला."

"उरलेत?"

"नाय. झोप तू."

कपाट दारातून आडवं होऊन बाहेर गेलं. हैबतराव जाता जाता थांबले, त्याच्याकडे बघून त्यांनी मान हलवली आणि चवड्यांवर चालत निघून गेले. त्यांच्या मागे धोंडुबाईने दार ओढून घेतलं, कडीचा आवाज न करता.

हिरामणने मैनाला फरशीवर निजवलं. गुडघे एकेक करून सरळ केले. कुंचली हातातून काढायला गेला तर सुटेना, म्हणून राहू दिली. मग तिच्या शेजारी स्वतः आडवा झाला. मावळतीचं ऊन खिडकीतून फरशीवर आलं होतं आणि त्याला अडवायला मध्ये काही नव्हतं. मैनाने झोपेतच पाय लांब पसरला. तो हिरामणच्या पायापर्यंत पोचला नाही, एवढी जागा होती. त्याने थोडा वेळ वाट पाहिली. मग तोच जरा सरकला आणि आपला पाय नेऊन तिच्या पायाला लावला.